चमचाभर चरबी

"पाण्यानं शिजे घेवडा, मिठानं येई चवीला,
चमचाभर चरबीनं मग लागे अंगाला."

आई हे ओठांत केसांच्या पिना धरून म्हणायची. त्यामुळे शब्द अर्धे दातांतून यायचे आणि अर्धे वाफेतून. ऑर्फा तेव्हा सात वर्षांची. चुलीजवळच्या उलट्या खोक्यावर बसून ती आईच्या हाताकडे बघत राही. तो हात कॉफीच्या जुन्या डब्यात जायचा, डुकराचं बेकन तळून उरलेली पांढरी चरबी चमचाभर उचलायचा आणि उकळत्या भांड्यात सोडायचा. पाण्यावर सोन्याची टिकली तरंगावी तशी ती तरंगे, मग विरघळे. ज्या वर्षी नदीनं मका नेला, त्या वर्षी पाच पोरं त्या डब्यावर जगली. आई म्हणायची, "मांस काय, श्रीमंत लोक खातात. आपण नुसता त्याचा वास खातो. वासानं कुणी मेलेलं नाही."

तो आवाज साठ वर्षं ऑर्फाच्या कानात मुरला. आई गेली, डबे गंजले, बदलले. पण विरजण राखावं तशी जुन्या डब्यातली थोडी चरबी ती नव्या डब्यात घालत राहिली. अमेरिकेतल्या ऑझार्कच्या त्या डोंगरवस्तीत प्रत्येकीच्या चुलीवर असा डबा असे, आणि कोणता घेवडा कुणाच्या हातचा ते लोक डोळे मिटून सांगत. ऑर्फा स्टेबिन्सच्या घेवड्याला तर अंत्यविधीपासून लग्नापर्यंत मागणी. "काय घालतेस गं त्यात?" असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं.

"मीठ. आणि वेळ."

सगळ्यांना ठाऊक असे की चरबीही आहे. पण ती काय सांगायची गोष्ट? चुलीत जाळ आहे हे कुणी सांगतं का?

तिचा एकुलता एक मुलगा आर्लिस. अडतीस वर्षांचा, खांद्यांनी दरवाजा भरून जाईल असा. लाकूडतोड करायचा, उन्हाळ्यात गवत कापायचा, हिवाळ्यात ओढ्याच्या काठानं सापळे लावायचा. तीन वर्षांपूर्वी शिकारीच्या मोसमात हरणाचं मांस खाऊन तो झोपला आणि अंगभर पित्त उठून जागा झाला. पोटात कळा, जीभ जड, डोळ्यांसमोर अंधारी. पहिल्यांदा वाटलं मांस खराब होतं. दुसऱ्यांदा डुकराच्या बरगड्यांनी तेच झालं. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनं, शॉनानं, त्याला गाडीत कोंबून दवाखान्यात नेलं. ऑर्फाही मागच्या सीटवर बसली. पोराला काही झालं तर बायकोच्या एकटीच्या हवाली कसं करायचं?

दवाखान्यातली नर्स निओमा क्रॅबट्री याच डोंगरातली. डॉक्टर आठवड्यातून एक दिवस यायचा. उरलेले सहा दिवस डॉक्टर म्हणजे निओमाच. तिनं रक्ताचा कागद पुढे केला आणि विचारलं, "गोचिडी किती चावल्या या वर्षी?"

"मोजायच्या असतात होय?" आर्लिस म्हणाला.

"पाठीवर पांढरा ठिपका असलेली. ती चावली की तिच्या लाळेतून एक साखर अंगात जाते. तुझं अंग त्या साखरेला चोर समजतं. मग तिच्या नावाचे चिमटे तयार करतं."

"कसले चिमटे?"

"तू रॅकूनला लावतोस ना सापळा, तसे समज. आपल्या कातडीखाली, आतड्याच्या अस्तरात, रक्ताच्या नळ्यांच्या कडेनं राखणदार बसलेले असतात. मास्ट पेशी म्हणतात त्यांना. एकेकीच्या पोटात शेकडो पिशव्या, आणि पिशव्यांत हिस्टामिन. ते चिमटे जाऊन या पेशींच्या अंगावर बसतात, तोंड उघडून. एका चिमट्याला काही अडकलं तर काही होत नाही. पण शेजारच्या दोघांनी एकच कण दोन बाजूंनी धरला, की पेशी सगळ्या पिशव्या एकदम रित्या करते."

"मग?"

"मग काय. थोड्या पेशी फुटल्या तर खाज नि पित्त. सगळ्या डोंगरभर एकदम बार उडाले, तर नळ्या गळायला लागतात, रक्ताचा जोर उतरतो, घसा आवळतो. माणूस उभ्या उभ्या कोसळतो."

शॉना वहीत लिहीत होती. ऑर्फा निओमाच्या बुटांकडे बघत होती.

"ती साखर गाईत आहे, डुकरात आहे, हरणात आहे," निओमा म्हणाली. "कोंबडी खा, मासे खा."

"म्हणजे मी आता ससा झालो म्हणायचं."

"ससा हो. पण सशाला खाऊ नकोस. त्यातही आहे."

आर्लिस एवढ्या मोठ्यानं हसला की बाहेर बसलेली म्हातारी आत डोकावली.

"आणि चरबीसुद्धा नाही हं," निओमा पुढे म्हणाली. "ती तर जास्तच. चरबी सावकाश पचते, सावकाश रक्तात उतरते. म्हणून तुला खाल्ल्यावर चार-पाच तासांनी होतं. आणखी एक ऐक. उन्हात घाम गाळून काम केलंस, बिअर प्यायलास, पाठीसाठी त्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्यास, तर राखणदारांचा हात हलका होतो. एरवी जेवढ्यानं काही झालं नसतं, तेवढ्यानंच बार उडतो."

"काम नाही, बिअर नाही, मांस नाही. ब्रदर हॉयटकडे जाऊन धर्मोपदेशकच होतो मग."

"हॉयट घेणार नाही तुला. तुझं तोंड बघ आधी."

निघताना तिनं त्याला इंजेक्शनच्या दोन पेना दिल्या. मांडीत कशी खुपसायची ते दाखवलं. "अंगाजवळ ठेव. उन्हात ठेवू नकोस, औषध मरतं."

घरी परतताना ऑर्फा मागून म्हणाली, "चरबी म्हणजे काय मांस नव्हे."

शॉनानं आरशातून तिच्याकडे बघितलं. मुलीमुळे तीही सासूला मॅमॉ, म्हणजे आजी, म्हणायची. "मॅमॉ, ती काय म्हणाली ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं बाई. कान आहेत मला."

त्या दिवसापासून शॉनाच्या स्वयंपाकघरात वाचन सुरू झालं. पाकिटं उलटी करून, भिंग घेऊन, बारीक अक्षरं. सूपमध्ये काय, बिस्किटात काय, जेलीत काय. तिनं नवी कढई आणली; ऑर्फाची बिडाची कढई चालेना, कारण तीत चाळीस वर्षांचं बेकन मुरलेलं. ऑर्फाला हे लागलं. कढई काय, सासूच परत पाठवल्यासारखं झालं.

आणि आर्लिस वाळत चालला. पट्ट्याला नवं भोक पडलं, मग आणखी एक. मासे त्याला आवडत नसत. कोंबडी खाऊन तो म्हणे, "ममा, मला आता पंख फुटतील बघ." ऑर्फा त्याच्या मनगटाकडे बघे. नदीनं मका नेला त्या वर्षीची भावंडांची मनगटं तिला आठवत.

रविवारी चर्चनंतर तिघं तिच्याकडे जेवायला येत. आर्लिस, शॉना आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी केल्सी. ऑर्फा दोन भांडी करी. आर्लिसचा घेवडा वेगळा, पाण्यामिठाचा. तो खाई, छान झालाय म्हणे, आणि अर्धा ठेवी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऑर्फाचा हात डब्यात गेला.

ठरवून गेला असं म्हणता येणार नाही, आणि न ठरवता गेला असंही नाही. चमचाभर. सोन्याची टिकली तरंगली आणि विरघळली. आर्लिसनं दोन ताटल्या खाल्ल्या, पावानं पुसून खाल्ल्या. "ममा! आज काय केलंस?"

"मीठ. आणि वेळ."

ते गेल्यावर ऑर्फा घड्याळासमोर बसली. तीन वाजले, चार वाजले. तिनं मांडीवर हात घट्ट धरले होते. साडेसहाला तिनं फोन केला.

"काय करतोयस रे?"

"टीव्ही बघतोय. का गं?"

"काही नाही. अंगबिंग ठीक?"

"अंग मस्त. पोट भरलंय कितीतरी महिन्यांनी."

फोन ठेवून ती रडली, आणि त्या रडण्यात इतका आनंद होता की तिला गाणं सुचलं असतं. बघा म्हणावं. चिमटे म्हणे. पिशव्या म्हणे. आईच्या हातापुढे कसल्या पिशव्या!

पुढच्या रविवारी पुन्हा चमचा. काही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मार्च गेला, एप्रिल गेला. आर्लिसच्या पट्ट्याचं एक भोक मागे आलं. रविवारी तो फक्त जेवायचा आणि सोफ्यावर आडवा व्हायचा. ना ऊन, ना काम, ना बिअर. हे ऑर्फाला तेव्हा दिसलं नाही. तिला फक्त पोराचे भरत चाललेले गाल दिसत होते. ते गुपित तिनं अंगाशी धरून ठेवलं. जुलैत त्याचा वाढदिवस होता. त्या दिवशी ती डबा टेबलावर ठेवणार होती, सगळ्यांसमोर, आणि म्हणणार होती: पाच महिने खातोयस, बाळा. कुणी मेलं का?

जूनच्या शेवटच्या शनिवारी गवताचा दिवस होता. रविवारी वादळ येणार म्हणून रेडिओ ओरडत होता; वरचं कुरण कापून पडलेलं, गठ्ठे बांधून गोठ्यात टाकायचे होते. आर्लिस आणि त्याचा चुलतभाऊ डब, दोघंच. दुपारी ते ऑर्फाकडे जेवायला आले तेव्हा दोघांच्या शर्टांवर घामाचे पांढरे नकाशे उमटलेले.

काम जड होतं म्हणून ऑर्फानं चमचा भरून घेतला. वरून शीग येईल असा.

"पाठ गेली," आर्लिस खुर्चीत बसत म्हणाला. "ममा, तुझ्या त्या गोळ्या आहेत का?"

तिनं फळीवरची बाटली काढून दोन गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. तळहात तापलेल्या पत्र्यासारखा होता. त्यानं पाणी प्यायलं, घेवडा खाल्ला, मक्याचा पाव खाल्ला, टोमॅटो खाल्ले. जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेला, लहान मुलीच्या फिरवावा तसा. असं तो कधी करत नसे.

तीनला शॉना कुरणात गेली. बर्फाचं लिंबूपाणी आणि तिनं केलेल्या चिकट गोड वड्या. मार्शमेलो वितळवून त्यात तांदळाच्या लाह्या. केल्सीच्या शाळेसाठी केल्या होत्या, उरल्या होत्या. आर्लिसनं तीन खाल्ल्या. पाचला शेवटचा गठ्ठा चढला. गाडीच्या मागच्या फळीवर बसून दोघांनी एकेक बिअर फोडली.

साडेपाचला आर्लिस म्हणाला, "डब, माझे तळहात खाजतायत."

डब म्हणाला, "पैसे येणार."

मग त्याचे ओठ सुजले. मग तो उठला, दोन पावलं चालला आणि गवताच्या गठ्ठ्याला टेकून खाली बसला. डबनं गाडीतून इंजेक्शनची पेन आणली. ती वसंतापासून काचेखाली उन्हात पडून होती. त्यानं ती मांडीत खुपसली, दुसरीही खुपसली. ऑर्फा तोवर ओसरीवरून धावत आली होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मान, छाती, हात, सगळीकडे लाल गांधी उठून एकमेकींना मिळाल्या होत्या; नदीचं पाणी शेतात शिरताना डबकी मिळत जातात तशा. अ‍ॅम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागतात. सायरन खालच्या वळणावर ऐकू आला, तेव्हा आर्लिस ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरायच्या आधी ऑर्फानं चुलीवरचा डबा उचलला आणि मांस धुरावर वाळवायच्या धूरघराच्या मागे पुरला. हातांनीच उकरलं तिनं, फावडं घ्यायला गेली नाही. परत आल्यावर दिसलं, चुलीच्या पांढऱ्या पत्र्यावर जिथं डबा असे तिथं गंजाचं गोल कडं उमटलं होतं. तिनं त्यावर मिठाची बरणी ठेवली.

माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी निओमा आली. स्वयंपाकघरात तिघी बसल्या. शॉनाच्या हातात तीच वही होती.

"मला समजून घ्यायचंय," शॉना म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, लाकडाच्या भुशासारखा. "कशानं झालं ते."

निओमानं डोळे चोळले. "ऊन होतं. घाम होता. बिअर होती. गोळ्या घेतल्या होत्या म्हणे. यातल्या एकेकट्यानं काही झालं नसतं. या सगळ्यांनी राखणदारांना डिवचलं. पण नुसत्या डिवचण्यानं बार उडत नाही, पोरी. पोटात काहीतरी गेलं असणारच. दुपारी, किंवा दुपारनंतर."

शॉना ऑर्फाकडे वळली. "मॅमॉ, दुपारी काय जेवला तो?"

"घेवडा. मक्याचा पाव. टोमॅटो."

"घेवड्यात काय होतं?"

चुलीवर केटलीचं झाकण हललं. ऑर्फाला आठवतं ते एवढंच, की झाकण हललं आणि पुन्हा बसलं.

"मीठ," ती म्हणाली.

शॉनानं मान हलवली. वहीत लिहिलं. मग तिनं पेन खाली ठेवलं. "मार्शमेलोत जिलेटिन असतं," ती म्हणाली. "डुकराच्या हाडाकातडीचं. मला माहीत होतं. इतकी पाकिटं वाचली मी. ते एक वाचलं नाही. केल्सीसाठी केल्या होत्या ना, म्हणून वाचलं नाही."

"जिलेटिननं काहींना होतं, काहींना नाही," निओमा हळूच म्हणाली. "खात्रीनं नाही सांगता येणार."

"दुसरं काय आहे मग?"

निओमानं पुन्हा डोळे चोळले. ऑर्फानं उठून केटली चुलीवरून उतरवली.

बोलायचं होतं तिला. त्याच क्षणी, किंवा उद्या, किंवा रविवारी. पण न बोललेला शब्द पिकत नाही, नासतो. आणि नासलेलं भांडं उघडायला हात धजत नाही. सांगितलं तर शॉना जाईल, आणि शॉनाबरोबर केल्सी. आर्लिसचे डोळे त्या पोरीच्या तोंडावर होते. ते डोळे जर गेले, तर ऑर्फापाशी धूरघरामागची माती उरत होती, दुसरं काही नाही.

वस्तीत बोललं जाऊ लागलं. दुकानात, पेट्रोलपंपावर. "बायकोनंच गोड खाऊ घातलं म्हणे." "एवढी शिकलेली, एवढं वाचायची." "वाचून काय उपयोग?" एकदा ऑर्फा दुकानात पिठाच्या फळीमागे उभी होती आणि पलीकडून हे ऐकू आलं. तिनं पिठाची पिशवी जागेवर ठेवली आणि काही न घेता घरी आली.

शॉनानं मार्शमेलोच्या पाकिटाचा मागचा कागद कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता. चुलीपाशी जायची बंद झाली. केल्सीला डबे उघडून देई, स्वतः कॉफी पिई. नाताळात ऑर्फा गेली तेव्हा नवी कढई खिळ्याला तशीच, वर धुळीचा थर.

"काही शिजव बाई," ऑर्फा म्हणाली. "पोर वाढती आहे."

"माझ्या हातचं कुणी खाऊ नये, मॅमॉ." शॉना सहज म्हणाली, हवामान सांगावं तसं. "मेमध्ये शाळा संपली की टल्साला जाते बहिणीकडे. ती केल्सीला करून घालेल."

ऑर्फानं तेव्हाही तोंड उघडलं होतं. मग तिनं फक्त म्हटलं, "स्वेटर घाल. गारठा आहे."

मेचा तिसरा रविवार. टेकडीवरच्या स्मशानभूमीत सगळी वस्ती जमते, आपापली थडगी झाडते, फुलं ठेवते आणि ओकच्या झाडाखाली एकत्र जेवते. लांबच लांब फळ्यांवर प्रत्येकीचं भांडं. ऑर्फानं पहाटेपासून घेवडा शिजवला होता. पाणी, मीठ. वर्षभर तिनं दुसरं काही घातलं नव्हतं. शिजताना हात तीनदा मिठाच्या बरणीकडे गेला आणि परत आला.

आर्लिसच्या दगडावर केल्सीनं पिओनीची फुलं ठेवली. मुंग्या होत्या त्यांत. तिनं एकेक फुंकून काढली. ब्रदर हॉयटनं प्रार्थना म्हटली. मग लोक ताटल्या घेऊन रांगेत आले.

काका पर्ल नव्वदीचे, दात अर्धे. त्यांनी पहिला घास घेतला आणि चमचा थांबवला.

"ऑर्फा, घेवडा आजारी पडला का गं?"

आजूबाजूचे हसले. एक म्हातारी म्हणाली, "पर्ल, तुमची जीभ गेली असेल."

"माझं सगळं गेलं, जीभ नाही गेली. हा दवाखान्यातला घेवडा आहे."

"म्हातारी झाले मी," ऑर्फा म्हणाली. "हात राहिला नाही."

शॉना रांगेच्या टोकाला उभी होती. ती अशा जेवणात काही घेत नसे. तिची गाडी खाली रस्त्यावर सामानानं भरलेली होती. मागच्या काचेतून केल्सीची उशी दिसत होती. ती हळूहळू पुढे आली आणि ताटली न घेता, नुसत्या चमच्यानं, भांड्यातून थोडा घेवडा घेतला. आर्लिसचा आवडता म्हणून, निरोपाचा म्हणून. डोळे मिटून चावला.

मग डोळे उघडले.

"मॅमॉ," ती म्हणाली. "त्या वसंतात मी त्याच्या भांड्यातला खाल्ला होता. तो म्हणाला, चाखून तर बघ. तेव्हाचा हा नाही."

"पाणी बदललंय. विहिरीचं…"

"मीठ आणि वेळ म्हणायचात तुम्ही." शॉना तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात आरोप नव्हता अजून. विहिरीत बादली सोडून दोरीला हिसका कधी बसतो याची वाट बघणाऱ्या माणसासारखी ती बघत होती. "मीठ आहे. वेळही दिलाय तुम्ही, दाणा मऊ आहे. मग यात काय नाहीये?"

काका पर्लनी चमचा ताटलीत ठेवला. निओमा पलीकडच्या टेबलापाशी पाव कापत होती. तिचा सुरा थांबला.

अजून वाट होती. पाणी म्हणता आलं असतं, वय म्हणता आलं असतं. शॉना मान हलवून खाली गेली असती, गाडी सुरू झाली असती, आणि टल्सापर्यंतच्या सगळ्या रस्त्यानं, आणि त्यापुढची सगळी वर्षं, ती तो कागद कपाटाच्या दारावर वाचत राहिली असती. ऑर्फानं दगडाकडे बघितलं. एक मुंगी केल्सीच्या नजरेतून सुटली होती. ती आर्लिसच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून चालत होती.

ऑर्फानं टेबलाची फळी धरली.

"चरबी," ती म्हणाली. आवाज आईचा निघाला, दातांतून. "चमचाभर. डब्यातली. फेब्रुवारीपासून दर रविवारी घालत होते मी त्याच्या भांड्यात, चोरून. काही होत नव्हतं ना, म्हणून. त्या शनिवारी भरून घातली, काम जड होतं म्हणून. वर त्या गोळ्याही मीच दिल्या. तुझ्या वड्यांचं नाव मी वर्षभर ऐकत बसले, शॉना. माझ्या हातानं गेला तो."